सोसायटीतील जुने झाड गेल्यावर होणारे दुःख खरे असते का?

ठाण्यातील पाचपाखाडी भागात राहणाऱ्या एका भगिनींचा प्रश्न आहे. त्यांच्या सोसायटीच्या पुनर्विकासात आवारातील जुना रेन ट्री वृक्ष प्राधिकरणाच्या रीतसर परवानगीने तोडण्यात आला. त्यांचे सासरे निवृत्त शिक्षक आहेत. रोज संध्याकाळी त्या झाडाखालच्या बाकावर बसण्याचा त्यांचा परिपाठ होता, आणि झाड गेल्यापासून ते बोलेनासे झाले आहेत. घरातील मंडळी ‘झाडच तर होते, बिल्डर दुसरी लावणार आहे’ असे म्हणून त्यांची समजूत काढतात. माणसाचे झाडाशी खरोखर इतके खोल नाते असते की ही नुसती सवय आहे, याला शास्त्राचा काही आधार आहे का, आणि सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाला ते नाते पुढे कसे टिकवता येईल, असे त्यांनी विचारले आहे. वृक्षनिगेच्या कामात माझे बहुतेक आयुष्य ठाणे आणि नवी मुंबई या दोन शहरांत गेले असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आपल्या सासऱ्यांचे दुःख खरे आहे, आणि ते सवयीतूनच आले आहे. या दोन गोष्टींत विरोध आहे असे मला वाटत नाही. आपले पूर्वज लाखो वर्षे वनात राहिले, म्हणून झाडांची ओढ माणसाच्या रक्तातच आहे, असे उत्तर बरेच जण देतात. त्यात तथ्य असेलही, परंतु तुमच्या घरातील पेच त्याने सुटत नाही. ओढ केवळ उपजत असती तर सोसायटीतील प्रत्येकाला सारखेच दुःख झाले असते, आणि रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या एखाद्या झाडाने सासऱ्यांचे समाधानही झाले असते. माझ्या पाहण्यात माणसाचे नाते सर्वसाधारण वृक्षजातीशी क्वचितच जडते. ते एका ठिकाणच्या एका झाडाशी जडते आणि अनेक वर्षांच्या देवघेवीतून पक्के होते. सावली घेणे, पाणी घालणे, खालचा पाचोळा लोटणे, कोणत्या फांदीवर कावळ्याचे घरटे आहे हे ठाऊक असणे, वादळी रात्री ती फांदी टिकेल ना म्हणून खिडकीशी उभे राहणे, या सगळ्याचा त्या देवघेवीत समावेश होतो. अशी देवघेव ज्याने केली नाही त्याला ते झाड म्हणजे आवारातील एक वस्तू वाटते, आणि त्यात त्याचाही काही दोष नाही.

रेन ट्रीचेच उदाहरण घ्या. हे झाड मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. वाढ झपाट्याने होते आणि विस्तार छत्रीसारखा आडवा पसरतो, म्हणून आपल्याकडे रस्त्यांच्या कडेला व वसाहतींत ते भरपूर लावले गेले. त्याची पाने संध्याकाळी मिटतात, आभाळ दाटून आले तरी मिटतात. उन्हाळ्यात गुलाबी झुबक्यांची फुले येतात. शेंगांतील गर गोड आणि चिकट असल्यामुळे त्या खाली पडल्या की चपलांना चिकटतात आणि गुरे त्या आवडीने खातात. संध्याकाळी नेमाने त्याखाली बसणाऱ्या माणसाने ती पाने मिटताना हजारो वेळा पाहिलेली असतात. त्याच्या दिवसाच्या शेवटाला त्या झाडाने एक ठरावीक रूप दिलेले असते, आणि आता त्या वेळी तिथे पत्र्याचे कुंपण दिसते. ‘हे झाड परदेशी होते, गेले तर बरेच झाले’ असे एखादा वृक्षप्रेमी त्यांना सांगेल. पर्यावरणाच्या हिशेबात देशी झाडांचे मोल अधिक आहे हे मी स्वतः सतत सांगत असतो. नवे झाड निवडताना तो विचार जरूर करावा. मात्र पन्नास वर्षे एखाद्याच्या दारात उभ्या असलेल्या झाडाचे मूळ गाव विचारण्यात काही अर्थ नाही.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये हंटर नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणींनी परिसर बदलून गेला, तेव्हा तेथील रहिवाशांच्या मनःस्थितीचा अभ्यास ग्लेन अल्ब्रेक्ट या तत्त्वज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह केला. हे लोक विस्थापित झालेले नव्हते, आपापल्या घरातच राहत होते. तरीही घर सोडून दूर गेलेल्या माणसाला जशी घराची आठवण छळते, तसाच त्रास त्यांना घरात बसून होत होता. पुनर्विकासानंतर त्याच पत्त्यावर परतणाऱ्या आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या बाबतीत मला हे निरीक्षण फार उपयोगी वाटते. त्यांना खोल्या मोठ्या मिळतात, लिफ्ट मिळते, आणि खिडकीबाहेरची सगळी ओळख मात्र पुसली जाते.

देवघेवीतून नाते कसे घडते हे पाहायचे असेल तर ठाणेकरांना फार लांब जावे लागत नाही. येऊरच्या डोंगरावर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या या पूर्वेकडच्या अंगाला, वारली, काटकरी, महादेव कोळी अशा समाजांचे पाडे आहेत. शहरातून रविवारी येऊरला जाणाऱ्याला तिथे फक्त ‘हिरवळ’ दिसते. पाड्यावरच्या वयस्क माणसाला तिथे मोह, ऐन, कुसुम, शिवण, बेहडा, काटेसावर, कारवी अशी वेगवेगळी ओळखीची मंडळी दिसतात, कारण प्रत्येकाशी त्याचे काम वेगळे असते. कारवीचे पाहा. तिच्या सरळ काठ्या उभ्या रचून त्यांवर शेणमाती लिंपली की घराच्या कुडाची भिंत होते. ही कारवी आठ वर्षांतून एकदा एकगठ्ठा फुलते, बी धरते आणि मरते. येऊरच्या उतारांवर ती २०१६ मध्ये फुलली आणि त्यानंतर २०२४ मध्ये. शहरातील छायाचित्रकारांनी दोन्ही वेळा गर्दी केली, आणि ते चांगलेच झाले. परंतु मधल्या सात वर्षांत, ती नुसती खरखरीत पानांचे झुडूप असताना, तिच्याकडे पाहण्याचे कारण ज्याच्यापाशी असते त्याचेच तिच्याशी नाते असते. वाघोबाला डोंगराचा धनी मानून शेंदूर लावण्याची वारल्यांची रीतही मला याच प्रकारातील वाटते. बिबट्या असलेल्या रानात लाकूडफाट्याला रोज जावे लागते, तेव्हा त्या रानाशी काहीतरी समजुतीने राहावे लागते, आणि ती समजूत देवाच्या रूपाने बांधून ठेवली जाते.

खाडीकडची गोष्टही अशीच आहे. ठाण्याची चेंदणी, विटावा, ऐरोली, दिवाळे या बाजूंच्या कोळी-आगरी वस्त्यांना तिवर, कांदळ, चिपी ही खारफुटीची झाडे वेगवेगळी ओळखता येतात. चिखलातून वर आलेली तिवराची बोटभर श्वसनमुळे कुठे दाट आहेत आणि निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी कुठे सापडतील, या दोन्ही माहिती त्यांच्यापाशी एकत्रच असतात. कोकण किनाऱ्यावर सुती जाळी टिकाऊ व्हावीत म्हणून ती ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात भिजवीत असत, म्हणजे खाडीतला मासेमार डोंगरावरच्या झाडाचाही ऋणी होता. नायलॉनची जाळी आली आणि हा धागा तुटला. त्यात कुणाचा अपराध नाही, पण तो तुटला हे खरे. पुढे खारफुटीच्या तोडीला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली, ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. या कायदेशीर कवचामुळे खारफुटी वाचली, हे फार मोठे काम झाले. मात्र नवी मुंबईच्या खाडीकाठच्या पामबीच रस्त्यावरून रोज गाडीने जाणाऱ्या किती जणांना त्यांतील दोन झाडांत फरक करता येतो, हे विचारून पाहावे. कायद्याने झाड उभे राहते. त्याची ओळख मात्र कुणीतरी करून घ्यावीच लागते.

आपल्या परंपरेतही हा व्यवहार फार बारकाईने बसवलेला होता. अनेक मराठी कुळांचे देवक हे एखादे झाड, वेल किंवा पंचपल्लव असते. कळंब ज्यांचे देवक ते कळंब तोडत नाहीत, आणि लग्नात त्याच्या डहाळीची पूजा झाल्याखेरीज कार्य पुढे सरकत नाही. देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, तर वाळलेली काटकीही उचलायची नाही असा दंडक असे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून दाखवले की, आजूबाजूचे रान संपून गेल्यावरही या लहानशा तुकड्यांत मूळ वनाच्या जाती टिकून राहिल्या होत्या. देवराया टिकण्यामागे धाक होता हे आपण सगळे सांगतो. पण ज्या झऱ्यावर गाव पाणी भरत असे तो झरा पुष्कळदा त्याच राईत असे, हे सांगायचे राहून जाते. गावाचे पाणी नळाने येऊ लागल्यावर आणि देवळाचा सिमेंटमध्ये जीर्णोद्धार करण्याची टूम निघाल्यावर कित्येक ठिकाणी देव राहिला आणि राई गेली.

वटपौर्णिमेबद्दल मला दरवर्षी विचारले जाते, म्हणून इथेच सांगून टाकतो. बाजारातून वडाची फांदी विकत आणून घरी पूजणे हे त्या व्रताच्या नेमके उलटे आहे, कारण त्यासाठी ज्येष्ठात शहरातील वडांच्या फांद्या ओरबाडल्या जातात. झाडापाशी जाता येत असेल तर जावे. सुती दोऱ्याने वडाचे काहीही बिघडत नाही, तो पावसाळ्यात कुजून जातो. नायलॉनचा दोरा मात्र राहतो आणि कोवळ्या पारंबीला किंवा फांदीला करकचून कापतो. हळदकुंकवाने झाड मरत नाही. खोडाला टेकवून ठेवलेल्या दिव्याने मात्र सालीखालचा जिवंत थर भाजतो, आणि वर्षानुवर्षे त्याच जागी दिवा लागला तर तिथे ढोली होते. दिवा पारावर, खोडापासून हातभर दूर ठेवावा.

आता शास्त्राच्या आधाराविषयी. या विषयावर इतके काही लिहिले जाते की त्यातील भक्कम काय आणि पोकळ काय हे वेगळे करावे लागते. भक्कम बाजूला मी दोन अभ्यास ठेवतो. पहिला रॉजर उलरिक यांचा, १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणाऱ्यांना रुग्णालयात थोडे कमी दिवस राहावे लागले आणि तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्णसंख्या लहान आहे, तेव्हा या एकाच अभ्यासावर इमारत उभारू नये. पण त्याची आखणी नेटकी होती आणि पुढच्या पुष्कळ संशोधनाला त्यानेच वाट करून दिली.

दुसरा अभ्यास मला अधिक अस्वस्थ करणारा वाटतो. अमेरिकेत २००२ मध्ये पाचूच्या रंगाचा एक आशियाई भुंगेरा आढळला, जो ॲश जातीची झाडे पोखरून मारतो. शहरांतील रस्तेच्या रस्ते त्याने काही वर्षांत उघडे पाडले. जेफ्री डोनोव्हन आणि सहकाऱ्यांनी १५ राज्यांतील १९९० ते २००७ या काळातील मृत्यूंची आकडेवारी तपासली, तेव्हा भुंगेऱ्याची लागण झालेल्या भागांत श्वसनविकाराने सहा हजारांहून आणि हृदयविकाराने पंधरा हजारांहून अधिक जादा मृत्यू झाल्याचे दिसले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडांमुळे माणसे निरोगी राहतात असे म्हटले की, झाडांच्या वस्तीत पैसेवालेच राहतात आणि ते तसेही निरोगीच असतात, असा आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. इथे झाडे कुणाच्या ऐपतीनुसार न जाता किडीने गेली, म्हणून त्या आक्षेपाची धार बरीच कमी होते. तरीसुद्धा हा सांख्यिकीय संबंध आहे. एखाद्या व्यक्तीच्या आजाराचे कारण म्हणून तो दाखवता येणार नाही. आपल्याकडेही गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुंबई-ठाण्यातील पुष्कळ रेन ट्री पिठ्या ढेकूण या किडीच्या प्रादुर्भावाने वाळून गेले, म्हणून हा अभ्यास वाचताना मला तो परका वाटत नाही.

पोकळ बाजूला काय ठेवावे, हेही सांगायला हवे. पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो, हे घराघरांत सांगितले जाते. प्रकाशाशिवाय ऑक्सिजन तयार होण्याची क्रिया चालत नाही, आणि रात्री पिंपळही इतर झाडांप्रमाणे ऑक्सिजन घेऊन कर्बवायू सोडतो. पिंपळाची महती सांगायला याची गरजही नाही: वड, पिंपळ, उंबर ही झाडे वर्षातील आडवेळी फळतात आणि तांबट, धनेश, कोकीळ, वटवाघळे यांना पोसतात, आणि यांतील प्रत्येकाचे परागीभवन त्याच्या ठरलेल्या चिमुकल्या गांधीलमाशीवाचून होत नाही. दुसरी गोष्ट जमिनीखालच्या बुरशीच्या जाळ्यातून झाडे एकमेकांशी बोलतात आणि आई-झाडे पिलांना भरवतात, ही. वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड यांनी १९९७ मध्ये कॅनडातील जंगलात बर्च आणि डग्लस फर या झाडांमध्ये कर्बाची देवाणघेवाण दाखवली, ते काम महत्त्वाचे आहे. पण त्यावरून झाडांची कुटुंबे, माया आणि निरोप इथपर्यंत जी कथा वाढवली गेली तिला जंगलातील पुरावा तोकडा आहे, असे २०२३ मध्ये झालेल्या एका काटेकोर समीक्षेत दाखवले गेले. झाडाविषयी आदर वाटण्यासाठी त्याला माणूस करण्याची आवश्यकता नाही. उलट ते आपल्याहून किती वेगळे आहे हे कळले की निगा अधिक शहाणपणाने घेतली जाते. आपली जखम भरून येते, झाडाची येत नाही. ते जखमी भाग आतून कोंडून घेते आणि त्याभोवती नवे लाकूड वाढवते. अमेरिकी वनसेवेतील ॲलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून हे दाखवून दिले. ही एक गोष्ट समजली की ढोलीत सिमेंट भरणे, कापलेल्या जागी डांबर फासणे, खोडात खिळे ठोकून फलक लावणे हे सगळे का करू नये, ते निराळे सांगावे लागत नाही.

‘बिल्डर दुसरी लावणार आहे’ या समजुतीचाही विचार करू. महाराष्ट्रात शहरांतील झाडांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याविषयीचा कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन दोन महत्त्वाच्या गोष्टी आल्या: ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष मानले जाते, आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाचे वय जितकी वर्षे, तितकी रोपे भरपाई म्हणून लावावी लागतात. पूर्वीपेक्षा हा नियम नक्कीच बरा आहे. परंतु चाळीस वर्षांच्या झाडाऐवजी चाळीस रोपे शहराच्या दुसऱ्या टोकाला लागली, तर तुमच्या आवारातील सावली, पानांतून बाष्प होऊन जाणाऱ्या पाण्याने येणारा गारवा आणि सासऱ्यांची संध्याकाळ, यांतले काहीही त्यात परत येत नाही. नेदरलँड्सचे शहरी वनांचे अभ्यासक सेसिल कोनायनेनडाइक यांनी २०२१ मध्ये शहरांसाठी एक साधा दंडक सुचवला: प्रत्येक घरातून तीन मोठी झाडे दिसावीत, वस्तीचा ३० टक्के भाग झाडांच्या छायेखाली असावा आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी. मला यातला पहिला भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण तो दिसण्याविषयी आहे, म्हणजेच ओळखीविषयी आहे. घरातून दिसणारे झाड हेच आपले होते.

तुमच्या कुटुंबाने काय करावे, याचे माझे उत्तर यातूनच निघते. सासऱ्यांना नवे रोप भेट देण्याची घाई करू नका. त्यांच्या चालण्याच्या टप्प्यात असलेले एखादे वाढलेले झाड शोधावे आणि त्याची जबाबदारी त्यांनी, शक्य असेल तर नातवंडासह, आपल्याकडे घ्यावी. शिक्षकाला नोंदी ठेवण्याची सवय असते, तिचा उपयोग होईल. पिंपळाला तांबूस पालवी कधी फुटली, काटेसावर निष्पर्ण कधी झाली आणि फुलली कधी, बहाव्याला पहिला घोस कधी आला, कोणते पक्षी कोणत्या वेळी येतात, हे तारखेसह लिहावे. अशी वही दोन-तीन वर्षे चालली तर तिला अभ्यासकाच्या दृष्टीनेही मोल येते, कारण आपल्या शहरांतील झाडांच्या फुलण्याच्या अशा सलग नोंदी फार थोड्या ठेवल्या जातात.

त्या झाडाच्या बुंध्याशी पाहावे. ठाण्यात आणि नवी मुंबईत रस्त्याकडेच्या झाडांचे सर्वाधिक नुकसान तिथे होते. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट थेट खोडाला भिडवलेले असते, त्यामुळे मुळांना पाणी मिळत नाही आणि हवाही मिळत नाही. बहुतेक शोषक मुळे वरच्या दोनेक फुटांतच असतात आणि पानांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांबाबत खोडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तेवढीच मागणी आपण आपल्या प्रभाग कार्यालयात लेखी करावी. काँक्रीट काढताना जेसीबी वापरू देऊ नये, हाताने काढावे, आणि मोकळ्या झालेल्या जागेत माती न चढवता पालापाचोळा पसरावा. जुन्या गावांतील पार दगड-मातीचे असत आणि त्यांच्या सांध्यांतून पाणी मुरत असे. हल्ली आवारात जे टाइल्सचे पार बांधतात ते आत भर घालून खोड फूट-दोन फूट पुरून टाकतात आणि झाड काही वर्षांत सालीपासून कुजू लागते. बसायला जागा हवी असेल तर खोडापासून दूर सुटे बाक ठेवणे उत्तम. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीच्या वेळी, ती महापालिकेची असो वा सोसायटीने परवानगी घेऊन केलेली असो, तिथे कुणीतरी उभे राहावे: फांदी जिथे खोडाला मिळते तिथल्या फुगीर वळ्याला धक्का न लावता त्याच्या बाहेरून कापावी, मध्येच खुंट ठेवू नये आणि शेंडा तर कधीच उडवू नये. शेंडा उडवलेल्या झाडाला चहूबाजूंनी जे कोंब फुटतात त्यांचा जोड कच्चा असतो, आणि पुढच्या वादळात नेमके तेच गाडीवर पडतात.

पुनर्विकासाच्या आराखड्याविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण सभासद मंडळी ती सहसा विचारत नाहीत. नव्या इमारतीत बाग बहुधा पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या छतावर, दोन-तीन फूट मातीत केलेली असते. तिथे झुडपे आणि ताड-माड जातीची शोभेची झाडे जगतात. सावली देणारा मोठा वृक्ष तिथे कधीच होणार नाही. आवारात मूळ जमीन, जिच्याखाली तळघर नाही अशी, किती शिल्लक राहणार आहे हे वास्तुविशारदाला नकाशावर दाखवायला सांगावे. काम अजून चालू असेल तर अशा पट्ट्यासाठी आग्रह धरण्याची हीच वेळ आहे.

अशी जागा मिळालीच तर तिथे बकुळ, ताम्हण, करंज, बहावा, सीता अशोक यांपैकी काही लावावे. वड, पिंपळ आणि उंबर यांना जलवाहिन्या व भिंतींपासून बरेच दूर ठेवावे लागते, म्हणून ते मोठ्या मोकळ्या जागेतच बरे. पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती खोलवर भिजली की, साधारण जूनअखेर ते जुलैत, लावणी करावी. रोपवाटिकेतून आणलेले रोप पिशवीतून काढून मुळे पाहावीत. ती गोल गोल फिरलेली असतील तर सोडवून किंवा कापून सरळ करावीत, नाहीतर तेच वेटोळे पुढे खोडाचा गळा आवळते. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करावा आणि रोपाची मान, म्हणजे खोड आणि मुळे जिथे मिळतात ती जागा, मातीखाली जाऊ देऊ नये. पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा आळे भरून पाणी द्यावे. रोज शिंपडलेल्या तांब्याभर पाण्याने मुळे वरवरच राहतात. आधाराची काठी दुसऱ्या पावसाळ्यानंतर काढून टाकावी, आणि तोपर्यंत तिला बांधलेली सुतळी दर दोन महिन्यांनी सैल करून पुन्हा बांधावी, कारण खोड वाढत असते आणि सुतळी सालीत रुतते.